भेटायला जाऊ नका

नानासोनं रिकामी बशी उचलली आणि टीपॉयच्या मधोमध पालथी घातली.

"ही दाजींची गाडी," तो म्हणाला. मग पुड्यातून एक मारी बिस्कीट काढून बशीच्या मागं उभं धरलं. "आन ही मोटरसायकल. आता बघा. दाजी आपलं सरळ निघाल्यात. निवांत. चाळीसच्या वर काटा न्हाई. आन ह्यो गडी मागनं—" बिस्कीट टीपॉयवरून भरधाव निघालं आणि बशीच्या डाव्या कुशीत घुसलं. "खाड्दिशी! आता सांगा, ह्यात बशीची काय चूक?"

सयाजी समोरच्या खुर्चीत बसून स्वतःचा अपघात बघत होता. अपघात झाला तेव्हा नानासो तिथून कितीतरी कोस लांब, वडूजात, एका बारशाच्या पंगतीला बसलेला होता. पण त्याच्या सांगण्यात कुठं म्हणून अडखळ नव्हती. अडखळतो तो प्रत्यक्ष बघणारा.

"फोनवर बोलत हुता," नानासो पुढं म्हणाला. "एक हात कानाला. आन तोंडाला वास, असा भपकारा!"

"वास वडूजपतोर आला व्हय रं तुला?" स्वयंपाकघरातून मनुबाई म्हणाली. नानासो तिचा पाठचा भाऊ; त्याला ती लहानपणापासून ओळखत होती.

नानासोनं मोटरसायकल चहात बुडवली आणि खाऊन टाकली.

सांगलीशेजारच्या माधवनगरातलं हे घर सयाजीच्या लेकीचं. साक्षीकडं दोन दिवस राहायला म्हणून नवराबायको वडूजहून निघाली होती, आणि आता गाडी गॅरेजात असल्यामुळं अडकून पडली होती. जावई वीरधवल बँकेत होता. नियमाचा माणूस. त्यानं गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले होते, विमा कंपनीला कळवलं होतं, सासऱ्याला घेऊन पोलिसांत जाऊन वर्दी देऊन आला होता. त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती, आणि नेमका त्याचाच सयाजीला वैताग आला होता.

"मामा, माझं एकच म्हणणं आहे," वीरधवल आताही म्हणाला. "भेटायला जाऊ नका. तुम्ही गेलात, 'चुकलं' म्हणालात, कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं, की संपलं. शिवाय त्याची माणसं तिथं असणार. लोक आधी मारतात, मग विचारतात."

"गेलं म्हंजी कबूल केलं," नानासोनं शिक्का मारला.

"आन न्हाई गेलं म्हंजी?" सयाजीनं विचारलं.

"न्हाई गेलं म्हंजी काय न्हाई. घरातच हाय की आपण."

सयाजीनं मिशी ओढली. आल्यापासून ही मैफल चालली होती. शेजारचा आला, त्यानं सांगितलं, डॅशबोर्डवर कॅमेरा बसवा. साक्षीच्या भिशीतल्या बायका आल्या, त्यांनी गाडीवरून लिंबू उतरून टाकायला सांगितलं. नानासो तर एवढ्यासाठी मुद्दाम एसटीनं आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता. प्रत्येक जण सयाजीला त्याचा अपघात समजावून देत होता, आणि प्रत्येकाच्या अपघातात सयाजी आणखी थोडा निर्दोष होत होता. एव्हाना तो इतका निर्दोष झाला होता, की त्याला रात्री झोप येत नव्हती.

कारण बशी सरळ गेली नव्हती.

तासगावच्या अलीकडं रस्त्याकडेला द्राक्षांचे स्टॉल लागले, तशी मनुबाई म्हणाली, "आवं, थांबवा, साक्षीला द्राक्षं घिऊ." आणि सयाजीनं गाडी डावीकडं घेतली. इंडिकेटर नाही, आरशात नजर नाही. फौजेत सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून काढलेला माणूस. बर्फातून, दरडींतून, एका बाजूला दरी ठेवून ट्रक नेलेले. कुठं ओरखडा म्हणून नाही. आणि इथं, लख्ख उन्हात, द्राक्षांपायी. डाव्या दाराला धक्का बसला आणि मगच त्याला आरसा आठवला.

त्या माणसाची नडगी मोडली होती. आकाराम त्याचं नाव. द्राक्षबागांतून छाटणीची कामं करायचा. सयाजीनं त्याला मागच्या सीटवर आडवा केला, मनुबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि गाडी सांगलीच्या सरकारी दवाखान्यापर्यंत आणली. वाटेत तो शुद्धीवर राहावा म्हणून सयाजी बोलत राहिला. मी वडूजचा, तू कुठला, बाग कुणाची, पीक कसं हाय. इथवर सगळं रीतीनं झालं. मग वीरधवल आला, आत स्ट्रेचर गेलं, आणि जावयानं सासऱ्याला कोपराला धरून मागच्या दारानं बाहेर काढलं. "त्याचे लोक येतायत, मामा. चला."

आणि सयाजी चालता झाला होता. हेच त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. वडूजात बांधावरून कोर्टात भांडणारी भावकीसुद्धा दवाखान्यात एकमेकांना डबा पोचवते. तारखेला तोंड फिरवायचं आणि सलाईन लागलं की उशाशी बसायचं, ही तिकडची रीत. कोण आलं हे माणसं विसरतात. कोण आलं नाही हे त्यांची नातवंडं सांगतात.

"गॅरेजला जाऊन येतो," तो उठत म्हणाला.

"मी येतो की संगं," नानासो म्हणाला.

"तू बस. तुजी गाडी पालथी हाय अजून."

दारात मनुबाई चपला घालून उभी होती. हातात पिशवी, पिशवीत दोन शहाळी आणि बिस्किटाचे पुडे.

"गॅरेजात शहाळी कशाला?" सयाजीनं विचारलं.

"गॅरेजात जायाचं असतं तर घितली असती व्हय?" ती म्हणाली आणि पुढं होऊन रिक्षा थांबवली.

रिक्षात तिनं विचारलं, "काय बोलायचं ठरीवलंय?"

"बोलायचं काय त्यात? लांबनं बघायचं, कसा हाय काय हाय, आन निघायचं."

"लांबनं शहाळं कसं द्यायचं? फेकून?"

सगळी नोकरीभर सयाजीला हुकूम देणाऱ्या साहेबांचा इतका वैताग कधी आला नव्हता.

वॉर्डात आकारामची कॉट शोधावी लागली नाही. जिथं सगळ्यात जास्त माणसं होती ती त्याची. पाय वर टांगलेला, डोळे मिटलेले. उशाशी स्टुलावर एक म्हातारी बसली होती, सडसडीत, हिरव्या लुगड्यातली, आणि आल्यागेल्याशी तीच बोलत होती. ती त्याची आई, हरणाबाई. तिनं सयाजीच्या मिशीकडं बघितलं, मनुबाईच्या पिशवीकडं बघितलं, आणि पिशवी ओळखीची ठरली.

"या पावनं. बसा. ए, उठ रं, पावन्यास्नी जागा दे."

कोण, कुठले, कुणी विचारलं नाही. शहाळी घेऊन आलेला माणूस आपलाच असणार. मनुबाईची शहाळी कॉटखाली इतर शहाळ्यांच्या रांगेत गेली, आणि मनुबाई टेकते न टेकते तोच हरणाबाईनं सुरुवात केली. किती वेळा सांगून झालं असेल कोण जाणे. पण आता त्या सांगण्याला लय आली होती.

"शंभरच्या खाली न्हवता बगा. शंभर! माजं पोरगं आपलं सरळ चाललंय, निवांत. आन ह्यो मागनं आला आन उडीवला."

सयाजीचा गुडघा हलायला लागला. शंभर? त्या रस्त्यावर? तिथं एवढे खड्डे होते की शंभरनं गाडीच काय, बातमीसुद्धा गेली नसती.

"पिलेला हुता."

सयाजीनं तोंड उघडलं. मनुबाईनं त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याच्या वाटणीची मिलिटरी कॅन्टीनची बाटली आजवर नानासोच्या घरी गेली होती, हे सांगायला ही जागा बरी नव्हती.

"आन शेजारी कोन बाई बसलेली. खिदळत हुती नुसती."

आता सयाजीनं मनुबाईच्या पायावर पाय ठेवायला हवा होता, पण त्याला उशीर झाला.

"केवढी हुती बाई?" मनुबाईनं विचारलं.

"असंल की तरनी. असल्याच्या गाडीत आनि कसली असनार?"

मनुबाईनं पदर सारखा केला. राग धरावा की कसं, हे तिचं ठरेना. तिला कुणी तरणी म्हणाल्याला बरीच वर्षं झाली होती.

"आन सगळ्यात वंगाळ म्हंजी," हरणाबाईचा आवाज खाली आला, "हितं दारात आनून टाकला आन मागच्या दारानं पसार झाला. मानूस हाय का मर्द हाय का कोन हाय?"

सयाजीचा गुडघा थांबला. इतक्या वेळात हे एक वाक्य खरं होतं.

तेवढ्यात आकारामनं डोळे उघडले. त्याची नजर माणसांवरून फिरत आली, मिशीवर थांबली, आणि मग झटकन आईकडं गेली. पुन्हा सयाजीकडं. त्या नजरेत राग असेल असं सयाजीला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. शाळेत खोटं बोलून आलेल्या पोराला दारात गुरुजी दिसावेत, तसा तो बघत होता.

"वळखलंस का रं पावन्यास्नी?" आईनं विचारलं.

"व्हय," आकाराम म्हणाला. "वडूजचं हायती. आपलंच." आणि उशीवरच त्यानं मान अगदी बारीक हलवली. नको म्हणून.

मग सयाजीच्या ध्यानात आलं. शंभरचा आकडा म्हातारीनं मनानं घातला नव्हता. तो कुणीतरी तिला सांगितला होता. डावीकडून, कडेच्या मातीतून मोटरसायकल पुढं घालायला निघालेला हा गडी, पाय मोडला तरी पोलिसाला भीत नव्हता. भीत होता तो या हिरव्या लुगड्याला.

म्हणजे सुटका झाली होती. शहाळी पोचली, माणूस बघितला, कबूल काहीच केलं नाही. उठून नमस्कार करायचा आणि निघायचं. वीरधवलसुद्धा खूश झाला असता.

"पावनं, तुमी मिल्टरीतलं दिसताय," हरणाबाई म्हणाली. "चार मुलूख बगितल्यालं. तुमीच सांगा. हितं ज्यो येतोय त्यो येगळंच सांगतोय. कोन म्हंतंय वकील बगा, कोन म्हंतंय त्येच्या घरावर जावा. त्या गाडीवाल्यानं काय करायला पायजे हुतं? तुमी सांगा."

सगळी माणसं सयाजीकडं बघायला लागली. आकारामनं छताकडं बघितलं.

"यायला पायजे हुतं," सयाजी म्हणाला.

"त्येच म्हंते मी!" म्हातारीनं मांडीवर हात मारला. "मला त्येचं काय नगं. पन तोंड दाकवावं का न्हाई मानसानं?"

सयाजी उठून उभा राहिला. हात आपोआप विजारीच्या शिवणीला लागले, जुनी सवय.

"आलोय, मावशी."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. मागं कुणीतरी उठलं, स्टूल सरकल्याचा आवाज झाला. पायथ्याशी उभ्या असलेल्या एकानं खिशातून मोबाईल काढून समोर धरला. सयाजीनं तो बघितला. जावयाची अक्कल वाया गेली नव्हती. सगळं तो म्हणाला तसंच होत होतं. सयाजीनं त्या मोबाईलकडं बघतच पुढचं सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगायला नको.

"मी गाडी डाव्या अंगाला घितली. आरशात बगितलं न्हाई. इंडिकेटर दिला न्हाई. आन हितनं मागच्या दारानं गेलो, तेबी खरं. चुकलं."

"आन खिदळत न्हवतं कोन," मनुबाई म्हणाली. "मी हुते."

हरणाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तरणेपणाचा हिशेब जुळत नव्हता. मग ती सयाजीकडं वळली. आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि आकारामनं डोळे घट्ट मिटले.

"शंभरनं हुता?"

"न्हाई मावशी. साठाच्या आतच."

"पिला हुता?"

"न्हाई."

म्हातारीचा उजवा हात हवेत थोडा उचलला गेला, सरळ पुढं गेला, मग डावीकडं वळला. मग डाव्या हातानं तिनं काहीतरी मागून आणलं, आणि ते मध्येच थांबवलं. बशी नव्हती, बिस्कीट नव्हतं, तरी तिचं चित्र नानासोपेक्षा चोख होतं.

"मग ह्यो तुमच्या डाव्या अंगाला कसा काय घावला?"

मोबाईल अजून वर होता. हे एक उत्तर दिलं असतं तर अर्धं ओझं तिथंच उतरलं असतं. विम्याचं, पोलिसाचं, जावयाचं. सयाजीनं कॉटकडं बघितलं. टांगलेल्या पायाचा अंगठा हलत होता.

"त्येचं त्यो सांगंल," तो म्हणाला आणि खाली बसला.

एवढ्या उकाड्यात आकारामनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. हरणाबाईनं पदर कमरेला खोचला आणि स्टूल कॉटच्या आणखी जवळ सरकवलं.