शेवटची वीतभर

नऊ दात उरले होते, तेवढ्यात खाली पहिल्या पायरीवर काठी वाजली.

सुनेने कानस थांबवली नाही. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या, आणि सासरे प्रत्येक पायरीवर काठी अशी आपटत की जणू पायरी बहिरी आहे. त्यामुळे ते कुठवर आले हे कळायचं, एवढाच काय तो त्या आवाजाचा उपकार. पण रोज ते चारला बाहेर पडत आणि पाचला परतत. आज पाचला अजून वीस मिनिटं होती.

आठ. सात. तिकोनी कानस करवतीच्या दोन दातांमधून सरकत होती आणि काठी वर चढत होती, पायरी पायरीने. बाराव्या पायरीवर दोन दात बाकी राहिले. तिने भुकटी फुंकून टाकली आणि घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी, खिडकीजवळच्या खुर्चीच्या उशीखाली, कानस सरकवली. त्या खुर्चीत गेली एकोणीस वर्षं कोणी बसलं नव्हतं. ती एकदा सासऱ्यांखाली कुरकुरली होती. "पुन्हा हिच्यात बसणार नाही," असं ते म्हणाले होते, आणि बसले नव्हते. बाकीच्यांनी उगाच वाद नको म्हणून सोडून दिलं होतं.

दार उघडलं.

"लवकर आलात, बाबा?"

"कुत्रा होता."

"चावला?"

"छे. त्यालाही त्याच रस्त्याने जायचं होतं. म्हटलं, जा बाबा तूच."

त्यांनी चपला काढल्या आणि सरळ शिकंज्यापाशी गेले. त्यात अडकवलेल्या करवतीच्या दातांवरून त्यांनी अंगठा फिरवला. टोकाकडून मुठीकडे, हळूहळू. सून फडक्याने खुर्ची पुसत राहिली. पुसून पुसून खुर्चीचा रंग उतरायची वेळ आली. मुठीजवळ, शेवटून दुसऱ्या दातावर अंगठा थांबला.

तिचं फडकंही तिथेच थांबलं.

"हं," सासरे म्हणाले. "असू दे इथेच. उद्या गुंडाळू."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खाली पाटी होती, 'येथे दात करून मिळतील'. महिन्यातून एखादा माणूस गाल धरून चौदा पायऱ्या चढून येई. सासरे त्याला लगेच हाकलत नसत. आधी तोंड उघडायला लावत, उजेडात नीट बघत आणि मग सांगत, "दोन घरं सोडून, डावीकडे." जुन्या करवतींना नवा जन्म देणारा त्यांच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नव्हता. बारीक, नाजूक सांध्यांचं काम करणारे सुतार लांबून येत.

सून लग्न होऊन आली तेव्हा त्यांनी तिला सगळं शिकवलं होतं. भंगाराच्या ढिगातून करवत कशी उचलायची: पातं वाकवून सोडायचं, सरळ होत नसेल तर परत ढिगात, बोटाने टिचकी मारायची, घुमलं तर घ्यायचं, डोळ्यापुढे धरून धारेवरून बघायचं, रस्ता सरळ दिसला पाहिजे. रॉकेलने गंज कसा सोडवायचा, बनवणाऱ्याचा जुना शिक्का न पुसता पातं कसं घासायचं, तडकलेली मूठ कशी जोडायची. सगळं शिकवलं. फक्त दात नाही.

"दात माझे," ते म्हणत. आणि एकदा, कुणा गिऱ्हाइकाने शंका काढली तेव्हा, चारचौघांत म्हणाले होते, "माझ्या दातांवर दुसऱ्याला कानस फिरवावी लागली, तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप." ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली जायची, कारण ते ऐकताच सासूबाईंच्या हातून चहाचं गाळणं पडलं होतं. डाव्या हातातून. सासूबाई डावखुऱ्या, त्यामुळे गाळणं नेमकं गिऱ्हाइकाच्या मांडीवर गेलं होतं.

सुनेला मात्र हसू येत नसे. तिच्यासमोर ती खुर्ची होती.

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती. त्यानंतर महिन्याभरातच पहिली तक्रार आली, तीही नशिबाने तिच्याच हातात: करवत छान चालते, पण मुठीजवळ शेवटच्या वीतभरात अडखळते. तिने भिंगाखाली पाहिलं. एक दात उंच, एक बुटका, एक तिरका. शाळेच्या फोटोतल्या पोरांसारखे. बाबांचा हात कापायला लागला होता.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "डॉक्टरकडे ने." डॉक्टरकडे न्यायचं तर कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की कुलूप. आणि सासूबाई गेल्यावर या माणसाला सकाळी उठवणारं त्या शिकंज्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. तिने तीन भंगार करवतींची वाट लावून स्वतःच दात शिकून घेतले. तेव्हापासून रोज चार ते पाच ती त्यांची शेवटची वीतभर सरळ करत होती, आणि उरलेला दिवस त्यांच्या हातातल्या कपाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीवाला आला. तो लाकडी पेट्या करायचा, एकही खिळा न मारता. नुसते दातात दात गुंतवलेले कोपरे. त्याच्या काखेत तेलकट कापडाची गुंडाळी होती.

"काका, माझी करवत झाली?"

"झाली."

"मग द्या."

"संध्याकाळी."

"झाली म्हणालात ना?"

"झाली म्हणजे झालीच आहे," सून मध्येच म्हणाली. आवाज जरा चिरकला. "पुसायची आहे अजून."

"बरं बाई, पुसा." त्याने गुंडाळी उघडली. "ही बघा. बावीस वर्षांपूर्वी काकांनी माझ्या वडिलांना करून दिलेली. वडिलांनी एकदाही वापरली नाही."

"का?"

"म्हणाले, फार चांगली आहे." तो खांदे उडवून हसला. "पात्यावरचा गंज तेवढा काढा, वहिनी. दातांना मात्र शिवू नका, त्यांवर काकांचा हात आहे. आणि काका, राग मानू नका हं, पण मध्ये काही महिने तुमच्या करवती मुठीजवळ अडखळायच्या. आता पुन्हा पहिल्यासारख्या. काय झालं होतं?"

सुनेच्या हातातलं रॉकेलचं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. सासऱ्यांनी ते पायाने दाबून थांबवलं.

"हवामान," सासरे म्हणाले.

पेटीवाल्याने मान डोलावली. लोखंडाच्या बाबतीत हवामान म्हटलं की माणसं मान डोलावतात.

तो गेल्यावर सासरे आतल्या खोलीत पडले. सून ती जुनी करवत घेऊन खिडकीशी बसली. बाबांचा हात कापत नव्हता तेव्हा तो कसा होता, हे तिला एकदा बघायचं होतं. तिने भिंग लावलं.

टोकापासून निम्म्या पात्यापर्यंत कानशीचे ओरखडे ओळखीचे होते, उजवीकडे झुकलेले. पुढेही तसेच. मग मुठीच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, ते एकदम बदलले. आखूड झाले. आणि डावीकडे झुकले.

तिने करवत उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी केली. भिंग पदराने पुसलं. ओरखडे डावीकडेच झुकलेले राहिले, शेवटच्या दातापर्यंत. आणि त्यांच्या तळाशी, जिथे दुसरी कानस पोचली नव्हती, तिथे खालचे जुने ओरखडे दिसत होते. एक खोल, एक उथळ, एक तिरका.

बावीस वर्षांपूर्वीचे.

बाबांच्या हातातला कप हिंदकळताना तिने कधी पाहिला होता? दोन वर्षं ती बघत होती. एकदाही नाही. वाकडे होते ते फक्त दात, आणि तेही पहिल्यापासून. आणि चार ते पाचचा तो फेरफटका तर ती या घरात येण्याच्याही आधीपासूनचा होता.

आता तिला वेगळ्याच गोष्टीची भीती वाटली. तिने करवत कापडात घट्ट गुंडाळली, अगदी डावीकडे झुकलेले ओरखडे झाकले जातील अशी, जणू तिने गेलेल्या सासूबाईंची चोरी पकडली होती आणि आता ती लपवणं तिच्यावर आलं होतं.

चार वाजता सासरे बाहेर आले. पेटीवाल्याची करवत कालपासून शिकंज्यातच होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातली काठी उचलली, चपला घातल्या.

"आज लांब नाही जात," दाराशी थांबून ते म्हणाले. "दहा मिनिटं पुरेत."

"कुत्र्यामुळे?"

"हं? हो. कुत्रा."

ते जिना उतरले. पावलांचा आवाज आला, काठीचा नाही. चौदा पायऱ्यांत एकदाही नाही. उतरताना ते कधीच काठी टेकत नाहीत, हे तिच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

तिने उशीखालून कानस काढली. पण हात उचलेना. तिने तो समोर धरून पाहिला, कापत होता. या घरात आता खरोखर कापणारा हात एवढाच होता. कितीतरी वेळाने तिने पहिला दात सरळ केला.

खाली काठी वाजली.

एक पायरी. दोन. तीन. तिने घाईघाईने कानस शेवटच्या खाचेत ठेवली, ती निसटली, पुन्हा ठेवली.

तिसऱ्या पायरीवर काठी थांबली.

चौथी वाजली नाही. जिन्यात कोणीतरी घसा खाकरला आणि भिंतीला टेकल्यासारखा आवाज आला. सुनेने कानस एकदा फिरवली. दोनदा. तिसऱ्यांदा, शेवटपर्यंत, सावकाश. भुकटी फुंकली, आणि कानस खणात ठेवली, इतर कानशींच्या शेजारी. खण जरा जोरात बंद केला.

मग चौथी पायरी वाजली.