क्रूसाची पाठ

चारकोपच्या सात मजली बिल्डिंगचं रंगकाम ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आटोपलं, म्हणून संघमित्राने आपल्या हाताखालच्या चार बायकांना गोराई फिरवायला आणलं होतं. विक्रोळीच्या या बाईने तीन वर्षांत रंगकामाची स्वतःची टोळी उभी केली होती. टोळीत सगळ्या बायकाच. आणि तिच्या भिंतीला नावं ठेवणारा सोसायटीचा सेक्रेटरी अजून कुणाला भेटला नव्हता.

मे महिन्याचं ऊन. लाँचमधून उतरून गावात शिरल्या तेव्हा सगळ्यांना भुका लागलेल्या. वळणावर चिंचेच्या सावलीत एक पांढराशुभ्र चौथरा दिसला, त्यावर क्रूस. बायकांनी चपला खाली काढल्या, हात जोडले आणि पायऱ्यांवर बसून, क्रूसाच्या चौथऱ्याला पाठी टेकून डबे उघडले. देवळाच्या आवारात बसून जेवतोच की आपण, तसंच हे.

सुकटीची चटणी अर्धी संपली असेल नसेल, तोच समोरच्या घरातून एक म्हातारी तरातरा चालत आली. अंगात फुलाफुलांचा गाऊन, हातात झाडू.

"उठा! पयलं उठा! क्रूसाला पाठ लावून जेवताव? कोन तुमी?"

पाचही जणी धडपडत उठल्या. चौथरा सकाळीच चुन्याने रंगवलेला होता. आता पाठीपाठीएवढे पट्टे निघून गेले होते, जेवल्या जागी तेलाचे आणि हळदीचे डाग पडले होते. पाचही जणींच्या पाठी पांढऱ्याफटक.

"अहो, पण बोर्ड कुठे लावलाय?" संघमित्राची नणंद नंदा फणकारली. "चपला काढल्या ना आम्ही!"

"नंदा, गप्प बस," संघमित्रा म्हणाली. विक्रोळीच्या बुद्धविहारात कुणी मूर्तीच्या चौथऱ्याला टेकून डबा उघडला असता, तर सगळ्यात आधी आपणच धावलो असतो, हे तिला लख्ख कळत होतं. तिथे तरी बोर्ड कुठे होता?

"मावशी, चूक आमची. माहीत नव्हतं, पण डाग तर आम्हीच पाडले. संध्याकाळपर्यंत होता तसा करून देते."

"तू करून देते?" म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सांजेला आख्खा गाव येनार हय हितं प्रार्थनेला. उद्या क्रूसाचा सण."

"मग वेळ घालवू नका. चुना उरलाय का? आणि थोडा डिंक?"

म्हातारीचं नाव ब्रिजिट. तिने चुन्याची बादली, डिंक आणि ब्रश आणून दिले खरे, पण झाडू काही खाली ठेवला नाही. संघमित्राने चुना बोटांत चोळून पाहिला.

"पातळ झालाय मावशी. म्हणून तर पाठीला लागला. डिंकाशिवाय धरत नाही."

चुना फडक्यातून गाळला, डिंक भिजवून घातला, चिमूटभर नीळ टाकली. बायकांनी ओढण्या कमरेला खोचल्या. डाग घासले, पहिला हात मारला, तो वाळला की दुसरा. चिंचेची सावली सरकली आणि उन्हात चौथरा असा उजळला की ब्रिजिटने बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडंच निघालं. झाडू चिंचेच्या खोडाला टेकला गेला.

संघमित्राला कामाचा जोर चढला होता. क्रूसाच्या एका हातावर जुना रंग पिवळा पडला होता. आता एवढं कशाला ठेवायचं, म्हणून तिने ब्रश वर नेला आणि ब्रिजिटने तिचं मनगटच धरलं.

"तितं नाय! क्रूसाला चुन्याचा हात लावायचा मान पाळीपाळीने घराघराला जातो. यंदा आमचं घर. माझा भाऊ लावंल."

वहिनीचा ब्रश कुणी अडवलेला नंदाने कधी पाहिला नव्हता. संघमित्राचे कान तापले. एकाच दुपारी दुसऱ्यांदा! पण तिने ब्रश खाली घेतला.

"विचारायला हवं होतं, मावशी. यापुढे विचारल्याशिवाय हात नाही लावणार. आता काय करू ते सांगा."

"पायऱ्या राहिल्या हयत," ब्रिजिट म्हणाली. आवाज उतरला होता. "आदी कपभर च्या घे."

चार वाजता भाऊ आला. बास्त्याव, ऐंशीच्या घरातला, धुतलेला सदरा घातलेला. त्याने पाय ठेवताच स्टूल डुगडुगलं. संघमित्रा पुढे झाली, पण आधी विचारलं, "स्टूल धरलं तर चालेल ना?"

"स्टूल काय मानाचं नाय, धर," तो म्हणाला.

ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. वर म्हाताऱ्याचा ब्रश आडवातिडवा जात होता, थेंब तिच्या नव्या चौथऱ्यावर आणि तिच्या केसांत पडत होते. इतका वाईट हात तिने टोळीतल्या कुणाचा खपवून घेतला नसता. इथे तिने फक्त स्टूल धरून ठेवलं. पिवळा डाग झाकताना बास्त्याव तोंडाने काहीतरी पुटपुटत होता, कदाचित प्रार्थनाच.

तो उतरला, मागे सरला, डोळे बारीक करून बघत राहिला. "तू धंद्यातली ना? सांग, कसा झाला?"

नंदाने हळूच तिला कोपर मारलं. संघमित्राने क्रूसाकडे नीट पाहिलं.

"उजव्या हाताखाली पट्टे दिसतायत, काका. अजून एक हात लागेल."

ब्रिजिट दचकली. बास्त्याव मात्र खदाखदा हसला. "आमच्यातलं कोन बोललं नसतं!" म्हणत त्याने ब्रश पुन्हा चुन्यात बुडवला.

"वहिनी, साडेपाचची लाँच जाईल," नंदा कुजबुजली.

"जाऊ दे. पुढची आहे," संघमित्रा म्हणाली आणि स्टुलाचे पाय पुन्हा धरले.