मासिकाचं वय

मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं. रविवारी हॉल निम्मा जरी रिकामा राहिला, तर आमच्या मासिकाचा सुवर्णमहोत्सव हाच त्याचा निरोपसमारंभ समजायचा. कार्यालयाच्या जागेला गिऱ्हाईक तयार होतं. "इतिहास वाचतो कोण हल्ली?" हे त्यांचं पालुपद. आम्ही आपापसात त्यांना 'कुलूप' म्हणायचो, कारण आले की आधी खिडक्यादारं न्याहाळायचे आणि मग आमच्याकडे बघायचे.

मी इथली उपसंपादक. साध्या माणसाला जेवताजेवता वाचता येईल असा इतिहास आम्ही छापतो. लढाया, तह, कटकारस्थानं, आणि माणसं साबण कधीपासून लावायला लागली तेसुद्धा. भाषा सोपी, पण तारखेच्या बाबतीत कुणाची गय नाही. छापलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, मूळ कागद बघायचा, हा संपादकांचा दंडक. एका सनापायी त्यांनी एका बड्या प्राध्यापकांना घाम फोडला होता. एवढं करूनही चूक झालीच, तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर ती ठळक छापायची आणि ज्याने पकडली त्या वाचकाचं नावही द्यायचं. त्यामुळे आमचे वाचक डोळ्यांत तेल घालून वाचतात. कधीकधी मला त्यांचा इतका राग येतो की काय सांगू!

शनिवारी दुपारी छापखान्यातून गठ्ठे आले. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं, 'पन्नास वर्षे पूर्ण'. संपादक अंकावरून हात फिरवत होते. तेवढ्यात काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्यांचा विसरलेला चष्मा घेऊन आल्या. त्यांनी अंक हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"अहो, आपल्या लग्नाला किती वर्षं झाली?"

संपादक गडबडले. हा प्रश्न कुठल्याही नवऱ्याला अडचणीचाच.

"एक्कावन्न झाली गेल्या महिन्यात," काकूंनीच सांगून टाकलं. "आणि लग्नात पाहुण्यांना पहिला अंक वाटला होतात तुम्ही. माझे वडील म्हणाले होते, जावई लग्नाला आलाय की अंक खपवायला? मग हे पन्नास कसं?"

मी धावत जाऊन कपाटातले जुने अंक काढले. मुखपृष्ठांवर 'वर्ष पहिले' पासून 'वर्ष पन्नासावे' पर्यंत ओळीने आकडे होते, पण मधे एक आकडा दोनदा आला होता. एका वर्षी छापखाना बंद पडला, जेमतेम तीन अंक निघाले आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तोच आकडा पुन्हा टाकला. तेव्हापासून आम्ही आमचंच छापलेलं वाचून पुढचं वर्ष मोजत होतो. जगाच्या सनावळ्या तपासणाऱ्यांना स्वतःचं वय माहीत नव्हतं!

मालक आले तेव्हा संपादक डोक्याला हात लावून बसलेले होते. झालेला घोळ मीच सांगितला.

"गप्प बसा ना," मालक म्हणाले. "एका वर्षाने काय बिघडतंय? आणि येणार आहेत किती लोक?"

"लोक कमी आले तरी चालतील, पण खोटं चालणार नाही," मी फटकन बोलले. "उद्या स्टेजवरून सांगायचं. सरांना जमत नसेल तर मी सांगते."

"मीच सांगतो," संपादक म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. त्या माणसाची मला फार कीव आली, आणि स्वतःचीही.

रविवारी हॉलवर पोहोचले तर दाराशी ही गर्दी! मला वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमाला आले. आत सगळ्या खुर्च्या भरलेल्या, भिंतीला टेकून माणसं उभी. मालक पहिल्या रांगेत सारखे मान वळवून मागे बघत होते.

संपादक उठले. पाण्याचा घोट घेतला. "मंडळी, आमची एक चूक झाली आहे. मासिकाला पन्नास नाही, एक्कावन्न वर्षं..."

पुढचं ऐकूच आलं नाही. हॉलमधून एकच आवाज उठला, "माहितीये!"

मागच्या अंकात निमंत्रण छापलं होतं ना, तिथेच त्यांनी आम्हाला पकडलं होतं! कुणी पिशवीतून पहिला अंक काढून उंच धरला. एक बाई आईने जपलेला अंक घेऊन दोन बस बदलून आल्या होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, ही चूक फक्त आपल्यालाच सापडलीय आणि ती समोरासमोरच सांगायची. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. मी पुसलं नाही.

मग संपादकांनी बंद छापखान्याची हकीकत सांगितली आणि वाद पेटला. तो बंद का पडला, हे त्यांनाही नीट आठवेना. कुणी म्हणालं आग लागली, कुणी म्हणालं यंत्र मोडलं. एक निवृत्त मास्तर ठासून सांगत होते की कामगारांचा संप होता. कुणी कुणाचं ऐकेना. समारंभ राहिला बाजूला, आणि उठून मात्र कुणीच जाईना.

"आग नव्हती, संपही नव्हता!"

सगळे वळले. मालक उभे होते.

"बाबा आजारी होते," ते म्हणाले. मासिक त्यांच्या वडिलांनीच सुरू केलेलं. "डॉक्टरांनी सक्तीने घरी बसवलं, म्हणून छापखाना बंद ठेवला. मला पक्कं आठवतंय. एरवी ते घरी कधी दिसायचेच नाहीत. ते एकच वर्ष... त्यांनी मला सायकल शिकवली." त्यांचा हात गुडघ्यावर गेला. "मागून सीट धरून पळायचे. आजारी माणूस."

मास्तरांनी घसा खाकरला. "पुरावा काय?"

"अहो, गुडघ्यावर खूण आहे अजून!" मालक उसळून म्हणाले, आणि सगळा हॉल खो खो हसत सुटला. मालकही हसले.

"मग लिहून काढा," मास्तर म्हणाले. "सगळ्यांनाच वाचायचंय ते."

टाळ्या थांबेनात. मालक गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. कपाळावर घाम, चेहरा मात्र शाळकरी पोरासारखा.

"बाई, पुढच्या अंकाला लेख कधीपर्यंत द्यावा लागतो?"

"दहा तारखेच्या आत," मी म्हटलं. "आणि गुडघ्याची खूण मी स्वतः तपासणार."