पाठीवर माणूस, तोंड घराकडे

२२ फेब्रुवारी. सकाळी थंडी होती, न्याहारीनंतर ऊन चढलं. वारा नव्हता. आभाळ कोरडं, पांढरट.

या दिवशी बिजलीबाई पहिल्यांदा माझ्या पाठीवर बसली.

मी शेवंती, वरातीची घोडी. रंग पांढरा, वय उतरणीला लागलेलं. माझी हकीकत मीच सांगते आहे, कारण माझ्याकडे बघणारी माणसं खरं तर माझ्या पाठीवरच्या माणसाकडे बघत असतात.

माझा जन्म कुठला ते मला आठवत नाही. माळेगावच्या यात्रेतली धूळ आठवते. तिथं नेमसिंगनं माझे दात पाहिले, पाय उचलून खूर पाहिले, आणि मला फुलसावंगीच्या बाजूला आपल्या तांड्यावर आणलं. त्याच्या घरासमोर सिमेंटचा हौद होता. हौदाशेजारी माझा खुंटा. तेच माझं घर झालं.

काम मी लवकर शिकले. अंगावर टिकल्यांची झूल, पायात घुंगरू, कपाळावर गोंडा. नवरदेव चढायच्या आधी त्याच्या घरची बाई मला हरभऱ्याची डाळ चारायची. मग बॅन्ड वाजला की चार पावलं चालायचं आणि थांबायचं. पुढं माणसं नाचायची, मी उभी राहायची. नवरदेव बहुधा घाबरलेले असायचे. पडू नये म्हणून लगामाला लोंबकळायचे. तोंडाची डावी बाजू त्यात कधी बधिर झाली ते कळलं नाही. पुढं बॅन्ड जाऊन डीजे आला. त्याच्या भिंतीएवढ्या डब्यांसमोर उभं राहून राहून मोठ्या आवाजाला कानही तसेच झाले. दुखत नाही. लागतच नाही काही.

नेमसिंगची एक रीत होती. लग्नाला जाताना तो माझ्यावर कधी बसायचा नाही. दोर हातात घेऊन पुढं चालायचा. "काम करायच्या आधी तिले कायले दमवू?" असं म्हणायचा. वरात उरकली की मात्र दमलेला असायचा. मग चढून बसायचा, दोर मानेवर टाकून द्यायचा आणि मी त्याला घरी आणायची. कितीदा तरी तो वाटेत झोपायचा.

त्यामुळे मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. पुढं माणूस चालत असला तर त्याच्या मागं जायचं. पुढं कोणी नसलं आणि पाठीवर माणूस असला, तर घराकडे जायचं. तिसरं काही असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मागच्या दिवाळीच्या आधी नेमसिंग गेला. अंगणात दोर गुंडाळत होता, छातीवर हात ठेवून खाली बसला. खूप माणसं आली. माझा चारा त्या दिवशी उशिरा आला आणि तो बिजलीबाईनं, त्याच्या बायकोनं, टाकला. माणसं एकमेकांना सांगतात. घोडीला कोणी सांगत नाही. पुढचे काही दिवस मी वाटेकडे तोंड करून उभी राहायची. मग ते बंद झालं. तीही चारा टाकायची आणि हौदाच्या कठड्यावर बसून राहायची. रडायची नाही. माझ्याकडे बघायचीही नाही.

नेमसिंगचा धाकटा भाऊ लखन. त्याची प्रवासी जीप आहे, आर्णीच्या रस्त्यावर चालते. फेब्रुवारीत एके दिवशी तो अंगणात उभा राहून म्हणाला, "भाभी, घोडी इकून टाकू. मी व्यापाऱ्याशी बोललो."

"फुलसावंगीच्या लग्नाले हो म्हणून गेले थे," बिजलीबाई म्हणाली. "तुमच्या भावाचा शबूद हाय."

"मंग नेईन कोण? मले जीप हाय. तुमच्या गुडघ्यानं पाण्याचा गुंड आणणं होत नायी, अन् फुलसावंगीले पायी जाता?"

"बसून जाईन."

लखन हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "ज्या घोडीवर नवरदेव बसते, तिच्यावर नवरा गेलेली बाई? लोक काय म्हणतीन? मंग कोणी बोलावीन काय आपल्याले?"

"थे मंगच्या मंग पाहू."

 शेवटी लखन म्हणाला, "लग्न सत्तावीस मार्चले. तुमी तिले एकट्या घेऊन गेल्या अन् एकट्या घेऊन आल्या, त राहू द्या. नायी जमलं, त थ्याच्या पुढच्या सोमवारी व्यापारी येते. मंग मले काही म्हणायचं नायी."

तर तो बावीस तारखेचा दिवस. बिजलीबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि हौदाच्या कठड्यावरून माझ्या पाठीवर बसली. शेजारच्या वस्तीवरची तिची मैत्रीण रुखमाबाई दोर धरायला आली होती. इतकी वर्षं बिजलीबाईनं मला चारा घातला, पाणी पाजलं, माझी लीद उचलली. पण बसली कधीच नव्हती. तिची भीती मला मांड्यांतून कळत होती. तिनं माझी आयाळ दोन्ही मुठींत धरली आणि श्वास कोंडून ठेवला.

"पोत्यासारखी काहून बसली व?" रुखमाबाई म्हणाली. "पोतं बी जरासं हालते."

"तू सोडू नको."

"नायी सोडत." असं म्हणून तिनं सोडला.

मी वळले, चार पावलं टाकून खुंट्याशी गेले आणि उभी राहिले.

रुखमाबाईनं कपाळावर हात मारला. "अवं, इतल्या लवकर आली बी? जाऊन आली वाटते फुलसावंगीले! काय जेवण होतं?"

बिजलीबाईला हसू आलं, पण तोंडापर्यंत पोचलं नाही.

पुढं काही दिवस रुखमाबाई दोर धरून पुढं चालायची आणि मी तिच्या मागं. बिजलीबाई बसायला शिकत गेली. आधी तिनं आयाळ सोडली. मग श्वास सोडला. मग तिची कंबर माझ्या चालीबरोबर हलायला लागली. रस्त्याकडेला पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या काड्यांचे, ढीग होते; आधी ती त्यांवर पडायच्या भीतीनं डोळे मिटायची, आता बघायची. पण दोर सुटला की मी घराकडे वळायचीच. त्या दोघींना वाटलं, घोडी अडेल आहे. नेमसिंग माझ्यावर बसायचा ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तो कुठून कुठं बसायचा, हे कोणी ध्यानात घेतलं नव्हतं.

एकदा लखननं काठी आणून माझ्या मागच्या पायावर मारली. मला मार लागला, पण तो कशासाठी ते कळलं नाही. मी वळले. बिजलीबाईनं दोन्ही हातांनी डावा लगाम ओढला. डाव्या बाजूला तर काहीच लागत नाही. मी जोरात वळले आणि ती तुरीच्या धसकटांत पडली. "याडी!" एवढंच म्हणाली. आमच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. कोपर सोलून निघालं, लुगडं फाटलं.

"झालं?" लखन म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता. त्यानंच तिला उचलून बसवलं.

त्यानंतर ती बरेच दिवस चढली नाही. चारा टाकायची, कठड्यावर बसायची, पुन्हा नेमसिंग गेल्यानंतरच्या दिवसांसारखी. मीही उभी असायची. आम्ही दोघी एकाच दिशेला तोंड करून काहीच बघत नव्हतो.

मग एका सकाळी तिनं खुंट्याचा दोर सोडून हातात घेतला आणि लंगडत लंगडत माझ्या पुढं चालू लागली. नाल्यावरच्या रपट्यापर्यंत, त्या बुटक्या पुलापर्यंत, आली. रपट्याच्या दगडावर चढून माझ्यावर बसली. मी घराकडे निघाले. तिनं लगामाला हात लावला नाही. खुंट्याशी आल्यावर ती बराच वेळ उतरलीच नाही.

रुखमाबाई आली तेव्हा ती वरच होती.

"काय व, चिकटली काय?"

"रुखमा, हिले रस्ता समजत नायी असं नायी," बिजलीबाई म्हणाली. "हिले घर समजते. हे बसायचे त वापस यायले बसायचे. जायले कधी बसलेच नायी."

"मंग?"

"मंग घर पुढं नेऊ."

तिच्या माहेरची जुनी माणसं बैलांवर मिठाची पोती लादून मुलूख हिंडायची. पोती उतरवली तिथं त्यांचं घर. तिनं तसंच केलं. रुखमाबाईचं शेत रपट्याच्या पलीकडे आहे. सकाळी शेतात जाताना ती माझा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, घेऊन जायची आणि रपट्याजवळच्या निंबाला टांगायची. बिजलीबाई आधी मला पायी तिथं न्यायची आणि खायला द्यायची. काही दिवसांनी ती हौदावरून चढून बसली. मी घराकडे वळले नाही. दाणा निंबाला होता. मी निंबाकडे गेले.

तोबरा पुढं सरकत गेला. निंबावरून शेताच्या बांधावर, बांधावरून फाट्यावरच्या बाभळीला. बिजलीबाईनं माझी उजवी बाजू शोधून काढली. डावीकडे ओढून काही होत नाही. उजवीकडे नुसता लगाम उचलला तरी मला कळतं. डावीकडे जायचं असेल तर ती दुखऱ्या गुडघ्यानं दाबायची. दुखायचं तिला, पण मला कळायचं. एकदा तिनं मला दुडक्या चालीनं पळवलं आणि स्वतःच घाबरून "थांब, थांब" म्हणत राहिली, पण पाठीवर टिकून राहिली.

२७ मार्च. पहाटेपासून ढग, पाऊस नाही, उकाडा.

रुखमाबाईला ताप होता. फाट्यापर्यंत मी नीट गेले. बाभळीला काही टांगलेलं नव्हतं. त्यापुढचा रस्ता मी पाठीवर माणूस घेऊन फक्त उलटा चालले होते. मी थांबले आणि मान घराकडे फिरवली.

फाट्यावर पानटपरी आहे. तिथं माणसं बसली होती.

"वहिनी, वरात अडली काय?" एक जण ओरडला. "बॅन्ड बोलावू?"

"बोलाव," बिजलीबाई म्हणाली. "पयले तू नाचजो."

टपरी हसली.  बिजलीबाईनं लगाम ओढला नाही, टाच मारली नाही. मानेवर हात ठेवून हळू म्हणाली, "उतरत नायी मी. तू उभी राय, मी बी बसते."

आम्ही तशाच राहिलो. एक ट्रॅक्टर गेला. टपरीवरची माणसं कंटाळून आपापल्या गप्पांना लागली. मग तिनं उजवा लगाम थोडा उचलला आणि गुडघा दाबला. मी पुढं गेले. का गेले ते मला सांगता येत नाही. पुढं कोणी माणूस नव्हता, पुढं दाणा नव्हता, घर मागं होतं.

फुलसावंगीच्या मांडवासमोर नवरदेवाची आई पुढं आली. तिनं आधी माझ्या पाठीकडे पाहिलं, मग बिजलीबाईच्या कपाळाकडे.

"नेमसिंगभाऊ?"

"गेले. दिवाळीच्या आधी."

"अन् तुमी हिच्यावर बसून आल्या?"

"हो."

मागून एक म्हातारी आली आणि तिनं माझ्या पाठीवर हळदीचं पाणी शिंपडलं. बिजलीबाईनं ते पाहिलं. मग झूल काढून झटकली आणि माझ्यावर घातली. नवरदेवाच्या आईनं डाळ चारली. नवरदेव चढला आणि लगामाला लोंबकळला. बिजलीबाईनं वर बघून त्याला सांगितलं, "बाबू, सोड थे. नायी पडत. आज मी बी नायी पडली." त्यानं हात सैल केले. वरात उरकल्यावर आम्ही दोघीच घरी आलो.

माझं मागणं मोठं नाही. कधी तुमच्या घरी लग्नाला आले, तर पाठीवरच्या माणसाला एवढं सांगा, की घोडीला तोंड असतं. माझं अर्धं तोंड अजून शाबूत आहे. आता रोज सकाळी मी बाहेर जाते, पाठीवर माणूस घेऊन. फार आनंद होतो असं नाही. वाट पायाखाली येते, इतकं कळतं.

सोमवारी व्यापारी तांड्यावर आला. बिजलीबाई मला घेऊन रपट्याच्या पलीकडे गेली होती. लखननं त्याला चहा पाजला. तो रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.