सिस्टर इनेसचं झाकलेलं वाडगं

एस्तेरला स्पॅनिश येत होती, पण स्वयंपाकघरापुरती. नवापूरच्या डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात तिनं तीस वर्षं सिस्टर इनेससाठी चूल सांभाळली. आग्वा म्हणजे पाणी, पान म्हणजे पाव, कोमे म्हणजे जेव. सिस्टरची भाषा तिच्या वाट्याला आली ती अशी, नुसत्या मागण्यांची नि हुकमांची. झालेलं-गेलेलं त्या भाषेत सांगायची वेळच कधी आली नाही. आता सिस्टर जाऊन चाळीस दिवस झाले होते, त्यांची धाकटी बहीण पिलार स्पेनहून फोन करणार होती, आणि सांगायचं ते सगळं झालेलंच होतं.

"पिलारबाईंना एकच विचारायचंय," ग्रेसी म्हणाली. एस्तेरची ही लेक सुरतेला नर्सिंग शिकते, सुट्टीला घरी आली होती. निरोपानिरोपी तिनंच केली होती. "शेवटच्या दिवशी सिस्टर जेवल्या का? तू 'कोमिओ' म्हण. म्हणजे, जेवल्या. म्हातारीला बरं वाटेल, आया."

"आणि 'मी जेवले' कसं म्हणायचं?"

"कोमी. का गं?"

"असू दे."

दोन दिवस एस्तेर कोमिओ, कोमिओ घोकत राहिली. नागली दळताना, शेळीला पाला टाकताना. शब्द जिभेवर बसला, पण मनाला पटेना. सिस्टर जेवल्या नव्हत्या.

त्या गावात गुड फ्रायडेचा उपास सगळे एकाच हंड्यातल्या पेजेनं सोडतात. वाढणारीनं शेवटी जेवायचं, तेही एकेकाला 'जेवलात ना?' विचारून झाल्यावर. यंदा वाढणारी एस्तेर होती. सिस्टरना आठवडाभर अशक्तपणा होता, म्हणून त्यांचं वाडगं खोलीत पोचवलं होतं. एस्तेरनं दारातूनच विचारलं. "जेवले गं, तू घे आता," आतून आवाज आला. दिवसभराची भूक होती. आत जाऊन बघायचा धीर कुणाला! तिनं दोन वाडगी पेज ओरपली. सकाळी सिस्टर गेलेल्या होत्या आणि खाटेखाली ताटलीनं झाकलेलं वाडगं होतं, काठोकाठ भरलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पेजेचा काही संबंध नाही. डॉक्टरांचं काय जातंय, वाढायला ते थोडेच होते?

रेंज पाण्याच्या टाकीपाशीच मिळते, म्हणून फोनच्या दिवशी दुपारी दोघी टेकडी चढल्या. पडद्यावर पिलारबाई दिसल्या. तेच नाक, तीच हनुवटी.

"कोमिओ?" त्यांनी विचारलं.

ग्रेसीनं आईला कोपरानं ढोसलं. भाषांतराला तिचा दुसरा फोन तयार होता. पण आपली चूक यंत्राच्या तोंडून कशी कबूल करायची?

"नो कोमिओ," एस्तेर म्हणाली. मग छातीवर हात ठेवून, "यो... कोमी."

त्या जेवल्या नाहीत. मी जेवले.

पिलारबाईंनी शिव्या दिल्या असत्या तरी एस्तेरनं ऐकून घेतल्या असत्या. पण म्हातारी रडता रडता हसायला लागली आणि भराभरा बोलत सुटली. ग्रेसी दुसऱ्या फोनवरचं वाचून दाखवू लागली. "लहानपणी आमच्याकडे उपासमार होती. इनेस तिच्या वाट्याचा पाव मला द्यायची. म्हणायची, कोमी, मी जेवले. मी खरं मानून खायचे. ती कधीच जेवलेली नसायची. हे मी आजवर कुणाला बोलले नाही."

एस्तेरला हुंदका आवरेना. चाळीस दिवस तिला वाटत होतं, सिस्टरच्या त्या एका शब्दावर विसंबून जेवलेली जगात आपण एकटीच.

पिलारबाईंनी डोळे पुसले आणि बोट रोखून विचारलं, तू आज जेवलीस का? एस्तेरच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. 'कोमी' अगदी ओठांवर आलं होतं.

"नो कोमी," ती म्हणाली.

"कोमे!" म्हातारी ओरडली. हुबेहूब सिस्टरचा आवाज.

ग्रेसीनं फडक्यातली भाकर काढून दिली. तिकडे पिलारबाईंनी पाव हातात घेतला. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. समोरची खाते की नाही हे दिसल्याशिवाय एकही सुरुवात करेना. शेवटी एस्तेरनंच घास तोंडात घातला, आणि म्हातारीला नीट दिसावं म्हणून फोनच्या अगदी जवळ जाऊन चावला.