दुसरं पुस्तक

सल्लागारबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शिंपीमास्तरांनी आणलेलं पत्र टेबलावर आपटलं.

"काका, हे वाचनालयवाले तिसऱ्यांदा बोलावतायत. आणि तुमची लेक पुन्हा नाही म्हणते?"

"जरा बुजरी आहे हो ती."

"बुजरेपणानं पुस्तकं खपत नाहीत."

मास्तरांनी मान डोलावली आणि वही उघडली. आपलं पुस्तक आपणच छापणाऱ्यांना या बाई सल्ला देत. खोली एवढीशी, पण बोलणं ठणठणीत. वर्षभरात त्यांनी सांगितलेलं मास्तरांनी शब्दन्‌शब्द पाळलं होतं. मुखपृष्ठावरची अक्षरं मोठी करून घेतली, मागचा मजकूर चार ओळींत आणला, पत्र पाठवणाऱ्या प्रत्येक वाचकाला हाताने उत्तर लिहिलं. उत्तराखाली लेकीची सही तेच करत. उभा जन्म कापड बेतण्यात गेलेल्या त्या हाताला ती सही जमायला आठ दिवस लागले होते.

लेक दीड वर्षापूर्वी तापाने गेली. चार दिवसांत आटोपलं सगळं. कादंबरी तिच्या कॉम्प्युटरमध्ये पूर्ण लिहिलेली सापडली. पहिल्या भेटीत बाईंनी सहज विचारलं होतं, "मुलगी काय करते?" आणि मास्तर बोलून गेले होते, "लिहिते." मग खरं सांगायचं राहून गेलं. खरं तर त्यांनी ते राहू दिलं. साऱ्या जगात ही एकच खोली उरली होती, जिथे त्यांच्या लेकीवर कुणी अजून चिडत होतं, तिला आळशी म्हणत होतं, तिची वाट बघत होतं. तेवढ्यासाठी ते दोन बस बदलून येत. घरी पुस्तकाचा विषय निघाला की बायको उठून आत जाई.

"दुसरं कुठवर आलं?" बाईंनी विचारलं. "पहिल्या पुस्तकाची सगळ्यात चांगली जाहिरात म्हणजे दुसरं पुस्तक. सगळ्यांना हेच सांगते मी. वाचकाला आवडलं की तो पुढचं मागतो, आणि नाही मिळालं की विसरून जातो."

मास्तरांचं पेन थांबलं.

"चाललंय तिचं," ते कसंबसं म्हणाले.

"तुमच्या 'चाललंय'वर माझा काडीचा विश्वास नाही. थांबा, मीच कान उपटते तिचे."

बाईंनी फाईल काढली, पहिल्या दिवशी भरलेला फॉर्म शोधला आणि त्यावरचा नंबर लावला. तो लेकीचाच होता. बायको तो फोन बंद पडू देत नसे, रोज न चुकता चार्जिंगला लावे. मास्तर "राहू द्या हो" म्हणेपर्यंत पलीकडे रिंग वाजायलाही लागली. आता सगळं बाहेर पडणार, आणि या खोलीतही लेक मेलेली असणार.

फोन उचलला गेला. बाईंनी स्पीकर लावला होता.

"हॅलो, मी पुस्तकांचं काम बघते. लेखिका आहेत का?"

"मी तिची आई," बायकोचा आवाज आला. "काय काम होतं?"

"दुसरं पुस्तक कधी देणार, तेवढं विचारायचं होतं. वाचक मागे लागलेत."

"मागे लागलेत?"

"तर काय! काका घरी सांगत नाहीत वाटतं?"

मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"ती लिहायला बसलीय," बायको म्हणाली. "आत्ता नको उठवायला."

फोन ठेवून बाई हसल्या. "आईनं फार लाडावून ठेवलंय बरं का."

"हो," मास्तर म्हणाले, "पहिल्यापासूनच." घाम पुसायचं निमित्त करून त्यांनी रुमाल डोळ्यांवर दाबून धरला.

घरी जाताना बसमध्ये त्यांनी शंभर वेळा मनाशी जुळवणी केली, काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची. घरात शिरल्यावर सगळं विसरले. बायको लेकीच्या टेबलाशी बसली होती. समोर नवी कोरी वही होती आणि पहिल्या ओळीवर दोनतीनदा खोडाखोड झालेली होती. ती बरीच रडली असावी, डोळे सुजले होते.

"अहो," मान वर न करताच तिने विचारलं, "एका पुस्तकाला किती पानं लागतात?"