काच कापणाऱ्याचा श्वास

काच कापायची हिरकणी फिरवताना श्वास रोखावा लागतो. रेघ जराशी हलली की काच भलतीकडेच तडकते. तीस वर्षं मी हेच करतोय, आणि खरं सांगतो, ही श्वास रोखायची सवय दुकानाबाहेरही माझ्या मानगुटीवर बसली. बायको वारली तेव्हासुद्धा मी श्वास रोखूनच उभा होतो. मग तो बाहेर पडायचा तो ओरडण्यातूनच. चहा गार झाला, ओरडलो. दार आपटलं, ओरडलो. शेवटी लेक बॅग भरून आत्याकडे राहायला गेली.

माझी बहीण वयाने मोठी आणि तोंडाने फटकळ. म्हणाली, "दोन महिने योगाच्या वर्गाला जा, मग पोरीला परत पाठवायचं बघू. तीच म्हणालीये, बाबाच्या घरात भीती वाटते."

भीती हा शब्द मला फार लागला. म्हणून गेलो.

वर्गात दहा-बारा बायका आणि मी एकटा बाप्या. पुढे वाकलो तर हात जेमतेम गुडघ्यापर्यंत. शेजारच्या आजी पायाचे अंगठे धरून खुशाल माझ्याकडे बघत हसत होत्या. राग आला, पण आजींवर ओरडणार कसं? शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स. पहिल्याच दिवशी त्या माझ्याजवळ थांबल्या.

"अहो काचवाले, तुम्ही श्वास घेता, पण सोडतच नाही."

"सोडला की हात हलतो."

"हलू द्या की. इथे काय फुटणार आहे?"

तिसऱ्या आठवड्यात शवासनात श्वास सावकाश सोडता सोडता मला रडू कोसळलं. चांगला हमसून हमसून रडलो. आजींनी नुसता रुमाल पुढे सरकवला. त्या दिवशी फार हलकं वाटलं. राग यायचा काही थांबला नाही, पण तो येताना कळायला लागला, आणि कळला की मी आधी श्वास सोडायचो.

दोन महिने भरायला चार दिवस उरले असताना लेक दुकानात डबा घेऊन आली. डबा ठेवताना तिचं कोपर लागलं आणि एका सलूनवाल्यासाठी बनवलेला नवाकोरा आरसा खाली. ती पांढरीफटक पडून भिंतीला चिकटली, माझ्या ओरडण्याची वाट बघत.

राग मस्तकात गेला. मी श्वास सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला, अगदी शेवटपर्यंत. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मला तुझ्या आईची फार आठवण येते गं."

काचांमधून पाय जपत ती माझ्याजवळ आली.

"मला वाटलं, तुला येतच नाही," ती म्हणाली. "म्हणून मीपण कधी बोलले नाही."

मग डबा उघडून आम्ही तिच्या आईबद्दल बोलत बसलो. सलूनवाला आरसा न्यायला आला, तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं.